पायी जाता येतंय तोवर

श्वासाचा हिशेब : लेखांक ८

चित्रा टॉकीजच्या कोपऱ्यापासून हिंदमाताच्या पुलापर्यंत आमच्या चाळीतले काका रोज चालत कामावर जायचे. कापडाच्या दुकानात तीस वर्षं काउंटरला. फळीवरून तागा ओढायचा, गिऱ्हाइकापुढे फर्रकन उलगडायचा, ‘हात लावून बघा ताई’ म्हणायचं आणि नाही पटला की घडी घालून परत वर. हे सगळं एका दमात. पुढे कधीतरी ते वाटेत थांबायला लागले. एखाद्या दुकानाच्या काचेपुढे उभं राहायचं, पुतळ्याच्या अंगावरची साडी बघितल्यासारखं करायचं, श्वास जागेवर आला की पुढच्या काचेपर्यंत जायचं. साडीत त्यांना काडीचा रस नव्हता, जन्मभर तेच विकलं होतं. पण रस्त्यात नुसतं उभं राहिलं की लोक विचारतात, ‘काय हो, बरं नाही का?’ साडी बघणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

निदान झालं तेव्हा कागदावर ‘पल्मनरी फायब्रोसिस’ लिहिलेलं होतं. या आजाराबद्दल आपण तिसऱ्या लेखांकात बोललो होतो. कोवळं घोसाळं वेलावरच वाळलं की अंग घासायच्या कामाचं उरतं, तसं फुप्फुसाचं होतं. आकार तोच, पण आतला मऊपणा जातो आणि हवा रक्तापर्यंत पोचत नाही. माहीमला वाढलेले तबलावादक झाकीर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत गेले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी याच आजाराचं नाव सांगितलं आणि तोवर फक्त फायलींत असलेला हा शब्द चहाच्या टपरीवर आला.

काकांच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत एक वाक्य उच्चारलं होतं : ‘फुप्फुस प्रत्यारोपण हा शेवटचा उपाय.’ घरच्यांनी त्याचा अर्थ लावला, शेवटी विचारायचा उपाय. मराठीत हे दोन्ही इतके जवळ बसतात की फरक कुणाच्या लक्षातच येत नाही. अडीच वर्षांनी, चोवीस तास नाकात नळी आणि मिनिटाला सहा लिटर ऑक्सिजन अशी वेळ आल्यावर मुलानं चौकशी केली. तेव्हा वजन एक्केचाळीस किलो होतं, पायांत उठून उभं राहायचं बळ नव्हतं. समोरच्या डॉक्टरांनी फाईल मिटली आणि हळूच विचारलं, ‘आधी का नाही आलात?’ काकू म्हणाल्या, ‘आधी ते चालत होते ना.’

आजचा लेखांक काकूंच्या या वाक्याबद्दल आहे.

आपल्या डोक्यात प्रत्यारोपण ही एकच घटना असते, ऑपरेशनची. प्रत्यक्षात त्याच्या आधी दोन वेगळे टप्पे येतात आणि त्यांची वेळही वेगळी असते. पहिला टप्पा म्हणजे प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्रात जाऊन तपासून घेणं. दुसरा, प्रतीक्षा यादीत नाव घालणं. पहिला लवकर उरकायचा, दुसरा नेमक्या वेळी. आपण दोन्ही एकत्र बांधतो आणि एकत्रच लांबवतो. ‘अजून काही तेवढं झालेलं नाही’ हे यादीच्या बाबतीत खरं असू शकतं. तपासणीच्या बाबतीत मात्र तेवढं झालेलं नसतानाच जायचं असतं.

हृदय आणि फुप्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय सोसायटीनं २०२१ साली जी एकमतानं ठरवलेली सूत्रं छापली, त्यांत फायब्रोसिसबद्दल भाषा अगदी सरळ आहे. स्कॅनवर ठरावीक ठेवणीचा फायब्रोसिस दिसला, तर निदान झाल्याबरोबर रुग्णाला केंद्राकडे पाठवा, औषध नुकतं सुरू झालेलं असलं तरी. इतर प्रकारांत, फुंकर मारायच्या चाचणीत फुप्फुसाची क्षमता अपेक्षेच्या ८० टक्क्यांखाली आली, किंवा वायू रक्तात शिरण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टवरचा डीएलसीओ, ४० टक्क्यांखाली गेली, किंवा बसल्या जागी अथवा चालताना ऑक्सिजन लागू लागला, तर पाठवा. गेल्या दोन वर्षांत फुंकरीचा आकडा दहा टक्क्यांनी घसरला असेल तरीही पाठवा. यादीत नाव घालण्याची वेळ त्यानंतरची : औषध चालू असूनही सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त घसरण, चालताना ऑक्सिजन ८८च्या खाली जाणं, सहा मिनिटांत कापायचं अंतर पन्नास मीटरहून जास्त घटणं, किंवा दम एकाएकी बळावून दवाखान्यात भरती व्हावं लागणं.

ती सहा मिनिटांची चाल म्हणजे काकांच्या काचांचाच हिशेब. तीस मीटरचा सपाट बोळ, दोन्ही टोकांना शंकू, बोटाला ऑक्सिमीटर, हातात घड्याळ घेतलेला तंत्रज्ञ. आपल्या वेगानं चालायचं, थांबावंसं वाटलं तर थांबायचं, पण घड्याळ थांबत नाही. कोविडनं घरोघरी ऑक्सिमीटर ठेवून दिला आणि चुकीची सवयही लावली : सोफ्यावर बसून, चहा पिऊन, पंख्याखाली आकडा बघायचा. ९५ आला की सगळे खूश. फायब्रोसिस बसलेल्या माणसात लपतो. जिना चढून आल्याबरोबर बोट घालून बघा, खरा आकडा तिथे असतो.

आता घाई इतकी का, आणि घाई आहे तर लगेच यादीत का नाही, हे समजून घ्यायला दोन आकडे शेजारी ठेवावे लागतात. इडिओपॅथिक, म्हणजे कारण न सापडणाऱ्या, फायब्रोसिसमध्ये निदानानंतरचं आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षं, असं पूर्वीपासून सांगतात. पिर्फेनिडोन आणि निन्टेडानिब ही औषधं घसरण हळू करतात, झालेली पुसत नाहीत. दुसरीकडे, जगभरच्या नोंदींत २०१० ते २०१७ या काळातल्या प्रत्यारोपणांनंतर निम्मे रुग्ण साडेसहा-पावणेसात वर्षांच्या पुढे जगले. म्हणजे नवं फुप्फुस ही जन्माची हमी नव्हे. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणासारखा तिथे वर्षांचा मोठा साठा मिळत नाही. ज्याच्या स्वतःच्या फुप्फुसात अजून चार चांगली वर्षं आहेत त्याचं ऑपरेशन केलं तर नफा नाही, उलट ती चार वर्षं पणाला लागतात. आणि ज्याच्यात चार महिने उरलेत त्याचं शरीर ऑपरेशन सोसत नाही. या दोहोंमध्ये एक पट्टा असतो. तो किती रुंद आहे हे एका दिवसाच्या रिपोर्टवरून कळत नाही. त्यासाठी आधीचे रिपोर्ट लागतात, दर तीन-चार महिन्यांचे, एकाच केंद्राच्या डोळ्यांखालचे. लवकर जायचं ते याचसाठी.

सिगारेटीनं होणाऱ्या सीओपीडीचा हिशेब वेगळा. तो वर्षानुवर्षं रेंगाळतो, त्यामुळे डॉक्टरही हात राखून असतात. तिथे वजन, श्वासनलिकांचा अडथळा, धाप आणि चालण्याचं अंतर या चारांना मिळून दहापैकी गुण देतात. पाच-सहा गुण झाले आणि वारंवार दवाखान्यात जावं लागू लागलं की दाखवायचं, सात किंवा त्याहून जास्त झाले की यादीचा विचार. सिगारेट निदान सहा महिने पूर्ण सुटलेली हवी ही बहुतेक केंद्रांची अट, आणि रक्त-लघवीची तपासणी ती शपथ पडताळून बघते. तंबाखूची मिसरीही त्यात पकडली जाते, हे आमच्या भागातल्या आज्यांना आवर्जून सांगायला हवं.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून फुप्फुस कडक होणाऱ्या १०८४ रुग्णांची नोंदवही केली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यात जवळजवळ निम्मे, ४७ टक्के, हे ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’चे निघाले : श्वासातून आत जाणाऱ्या कशाची तरी ॲलर्जी फुप्फुसाला लागलेली. कूलरमधली बुरशी, ओलीनं भरलेल्या भिंती, कबुतरांची पिसं आणि विष्ठा. २०२५च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि जमावानं ती ओढून काढली, तेव्हा वाद धर्माचा झाला. छातीच्या ओपीडीत तो प्रश्न कितीतरी वर्षांपासून विचारला जातोय : ‘गॅलरीत कबुतरं येतात का?’ या प्रकारात आधी कारण घराबाहेर काढायचं, औषधं द्यायची. काहींचं फुप्फुस तेवढ्यावर सावरतं. तरीही घसरण चालूच राहिली तर केंद्राची वाट धरायची, वर्षभर ‘अजून एक औषध बघू’ करत बसायचं नाही. (काकांच्या चाळीत मात्र सगळे ‘कापडाच्या धुळीनं झालं’ म्हणतात. गिरणगावाची ही जुनी आठवण आहे. ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यातल्या कामगारांची छाती सुट्टीनंतर सोमवारी भरून यायची, तो बिसिनोसिस कच्च्या कापसाच्या धुळीचा. विणून, धुऊन आलेल्या ताग्याचा नव्हे.)

केंद्रात तपासणी म्हणजे काय होतं? लोकांना वाटतं, गेलो की आडवं करतील. तसं काही नाही. काही दिवस नुसत्या चाचण्या. स्कॅन, हृदयाची सोनोग्राफी, मांडीतून किंवा मानेतून तार घालून फुप्फुसाकडच्या रक्तवाहिनीतला दाब मोजणं, हृदयाच्या धमन्यांची ॲन्जिओग्राफी, कारण चोंदलेल्या धमन्या घेऊन हे ऑपरेशन पेलत नाही. किडनी नीट तपासतात, कारण पुढे जन्मभर घ्यायच्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्या किडनीलाच त्रास देतात. जुना टीबी शोधतात. हाडांची घनता बघतात, स्टेरॉईडनं ती पोखरलेली असते. आणि दात! किडका दात घेऊन प्रतिकारशक्ती दाबायची औषधं सुरू केली तर तो एक दात जिवावर उठू शकतो, म्हणून दंतवैद्याची चिठ्ठी लागते.

मग समुपदेशक बसवून घेतात आणि विचारतात : घरी कोण आहे? गोळ्या कोण देणार? पहिले तीन महिने रोज कोण सोबत राहणार? पैसे कुठून येणार? हे प्रश्न काहींना अपमानास्पद वाटतात. खासगी रुग्णालयात खर्च पंचवीस-तीस लाखांच्या घरात जातो, वर दरमहा गोळ्या, म्हणून हे आधी विचारणंच प्रामाणिकपणाचं आहे. ट्रस्टांकडे आणि मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करायलाही हातात महिने लागतात. दम कोंडलेल्या आठवड्यात अर्ज लिहून होत नाहीत.

तपासणीत नापास होण्याची कारणंही लवकर कळलेली बरी, कारण त्यातली बरीचशी दुरुस्त होतात. वजन फार जास्त असेल तर उतरवता येतं, फार कमी असेल तर वाढवता येतं, स्टेरॉईडचा डोस खाली आणता येतो, पायांत ताकद व्यायामानं येते. या सगळ्याला सहा महिने द्यावे लागतात, आणि सहा महिने काकांकडे नव्हते. वयाबद्दल एक गैरसमज : २०२३ साली केंद्र सरकारनं पासष्टच्या वरच्यांना नोंदणी न करण्याची अट काढून टाकली. सत्तरीनंतर जोखीम फार वाढते हे खरंच, पण ‘साठी उलटली, आता काय’ हे कारण घरी बसून ठरवायचं नाही.

यादीत नाव गेलं की कारभार रुग्णालयाच्या हातातून बाहेर जातो. मुंबईत ते काम विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र बघतं, आणि पश्चिम विभागाचं कार्यालय आपल्या केईएमच्या आवारात आहे. याच केईएममध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, रुग्ण काही तासच जगला. फुप्फुसाची कथा त्याहून चिवट. १९६३ साली अमेरिकेत जेम्स हार्डींचा रुग्ण १८ दिवस जगला, आणि नीट यश यायला १९८३ उजाडलं, टोरांटोत. तो रुग्ण फायब्रोसिसचा होता आणि पुढे सहा वर्षांहून जास्त जगला.

मेंदू मृत झालेल्या दात्याचं फुप्फुस सगळ्यांत आधी बिघडतं, व्हेंटिलेटरवर त्यात पाणी आणि जंतू शिरतात. म्हणून दाते कमी, त्यांतले वापरता येण्याजोगे आणखी कमी. मिळालं तर साधारण सहा तासांत बसवायचं. फोन रात्री दोनला येतो आणि ‘लगेच निघा’ म्हणतो. जळगावच्या माणसाला त्यासाठी मुंबईत खोली घ्यावी लागते. हिंदमाताच्या माणसाला परळ पायाखालचं, पण जुलैच्या रात्री भरतीला तोच चौक कमरेएवढ्या पाण्यात असू शकतो. पालिकेनं मैदानांखाली पाण्याच्या टाक्या बांधल्यापासून कमी तुंबतं, तरी ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चालतं आणि पाणी शिरलं की वीज आधी जाते. यादीतल्या घरानं भरलेलं सिलिंडर जिन्याखाली नव्हे, वरच्या मजल्यावर ठेवावं.

काका गेल्या गणपतीच्या आधी गेले.

त्यांच्याच मजल्यावरच्या एक शिक्षिका, निवृत्त, त्याच आजाराच्या, काकूंच्या सांगण्यावरून वेळेत केंद्रात जाऊन आल्या. चार दिवस चाचण्या झाल्या, बरेच पैसे गेले आणि उत्तर मिळालं : ‘आत्ता नाव घालत नाही. चार महिन्यांनी या. तोवर रोज चाला.’ त्या चिडल्या. ‘एवढं करून नाहीच म्हणाले.’ मी म्हटलं, ‘बाई, याच्याहून चांगलं उत्तर त्या खिडकीवर मिळत नाही.’ पटलं की नाही कोण जाणे, पण चालायला लागल्या. परवा संध्याकाळी हिंदमाताला त्या एका काचेपुढे उभ्या दिसल्या. काळजात धस्स झालं. मी रस्ता ओलांडून गेलो, ‘बाई, दम लागला का?’

‘नाही हो,’ त्या म्हणाल्या, ‘ती जांभळी बघतेय. किंमत लिहिलीच नाही मेल्यांनी.’

(पुढच्या आठवड्यात : यादीत नाव असतानाचे दिवस)