इंजिनिअरिंगमधला माणसांचा पेपर

तुमच्या घरात इंजिनिअरिंगला जाणारं मूल असेल, तर शेवटच्या वर्षाला तुमच्याकडेही हा वाद होण्याचा संभव आहे. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी झाला. माझी पुतणी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या आठव्या सेमिस्टरला होती. संध्याकाळी लोकलमधून दमूनभागून आली, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाली, "मी ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट घेतलंय."

भावजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "चार वर्षं फी भरली ती कॉम्प्युटर शिकायला! माणसं सांभाळायला शिकायचं असेल तर काकूकडे शीक की, फुकट शिकवील."

टोमणा पुतणीला होता की मला, ते काही कळलं नाही. जाऊबाई गप्प राहिल्या. मी मात्र पोळ्या आटोपल्यावर पुतणीजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "दाखव बघू, काय आहे त्यात."

आधी हे सांगते, की ही काही पोरीची लहर नव्हती. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात सातव्या आणि आठव्या सेमिस्टरला एकेक विषय असा असतो, की तो सगळ्या शाखांच्या मुलांना सामाईक असतो आणि यादीतून निवडायचा असतो. आठव्या सेमिस्टरच्या यादीत प्रोजेक्ट मॅनेजमेंट, अर्थव्यवस्थापन, उद्योजकता, पेटंटचे कायदे अशांच्या बरोबरीने हा मनुष्यबळ व्यवस्थापनाचा विषय असतो. वर्गात मेकॅनिकलची, सिव्हिलची, कॉम्प्युटरची मुलं शेजारीशेजारी. पेपर इतरांसारखाच शंभर मार्कांचा. ऐंशी विद्यापीठाचे, वीस कॉलेजचे. तेव्हा "हा सोपा विषय, आदल्या रात्री वाचून होतो" असं जे मुलं म्हणतात, त्यावर आयांनी फारसा विश्वास ठेवू नये!

आत काय आहे म्हणाल, तर माणूस कामावर घ्यायचा कसा, त्याला शिकवायचं कसं, कामाचं मोल ठरवायचं कसं, भांडण झालं तर मिटवायचं कसं, आणि कामगारांचे कायदे. तुम्ही म्हणाल, हे तर आपण रोज करतो. मोलकरणीची रजा, दिवाळीची बक्षिसी, दोघी जावांत कामाची वाटणी, हे दुसरं काय आहे? अगदी खरं. पण आपण ते अंदाजाने करतो आणि चुकलं की मनस्ताप करून घेतो. तिथे त्याचा विचार शंभर वर्षं झालेला आहे.

त्यातली एक हकीकत मला फार आवडली. अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न नावाचा टेलिफोनचं सामान बनवणारा मोठा कारखाना होता. १९२४ साली तिथे प्रयोग सुरू झाला, की दिवे जास्त प्रखर केले तर काम वाढतं का. काम वाढलं. पण जिथे दिवे बदललेच नव्हते तिथेही वाढलं! पुढे १९२७ साली पाच मुलींना एका वेगळ्या खोलीत बसवून रिले जोडण्याचं काम दिलं. कधी मधली सुट्टी दिली, कधी खाणं दिलं, कधी लवकर घरी सोडलं. काम वाढत गेलं. नंतर या सवलती काढून घेतल्या, तरी ते पूर्वीइतकं खाली आलं नाही. एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अर्थ असा लावला, की दिवे आणि सुट्ट्या यांच्याइतकंच महत्त्व या गोष्टीला होतं, की त्या मुलींकडे कुणीतरी लक्ष दिलं, त्यांना विचारलं. पुढच्या अभ्यासकांनी या निष्कर्षावर बऱ्याच शंका काढल्या आहेत, आणि त्या योग्यही आहेत. कारण त्या पाच जणींपैकी दोघींना मध्येच काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या होत्या. का, तर त्या फार बोलतात! पुतणीच्या नोट्समध्ये हे नव्हतं. आम्ही दोघींनी शोधून काढलं तेव्हा ती हसता हसता एकदम गंभीर झाली. "म्हणजे काकू, लक्ष द्यायचं, पण बोलू द्यायचं नाही?"

दुसरी एक बाई मात्र पुस्तकात हवी तेवढी ठळक नसते. लिलियन गिलब्रेथ. नवऱ्याबरोबर कारखान्यांतल्या हालचालींचा अभ्यास करणारी. वीट उचलायला कामगार किती वेळा वाकतो, कुठली हालचाल वाया जाते, असा. १९१५ साली तिने मानसशास्त्राची डॉक्टरेट घेतली. १९२४ साली नवरा वारला, तेव्हा पदरात अकरा मुलं. कारखानदारांना बाईकडून सल्ला नको होता, म्हणून ती वळली स्वयंपाकघराकडे. ओट्याची उंची किती असावी, शेगडी आणि सिंक यांत किती पावलं पडावीत, हे तिने कारखान्यातल्यासारखं मोजून काढलं. पायाने दाबून उघडायची कचऱ्याची बादली आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचं श्रेयही तिलाच देतात. १९३५ साली ती परड्यू विद्यापीठात इंजिनिअरिंगची प्राध्यापक झाली. तेव्हा यंत्रं आणि माणसं यांचा अभ्यास एकत्र कशाला, असं भावजींनी विचारलं की मी फ्रिजचं दार उघडून दाखवते.

आपल्याकडचीही एक गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं, तेव्हा बंगलोरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीला बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली. एका जाहिरातीतली एक ओळ लिहिणारा माणूस कुणीतरी असतोच ना? ती ओळ लिहायची की नाही, हे या विषयात शिकवतात.

आता माझं सांगते. कायद्यांच्या प्रकरणाशी आलो, तेव्हा पुतणी मोठ्याने वाचत होती. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा. बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवडे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे. ५० किंवा अधिक नोकर असतील तिथे पाळणाघराची सोय. माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. १९८९ साली मी एका कारखान्याच्या कार्यालयात टायपिस्ट होते. तीन वर्षं झाली होती. सहावा महिना लागला तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, आता घरी बसा, तुम्हांलाही आराम." मी आभार मानून राजीनामा लिहून दिला. स्वतःच्या हाताने टाइप केला, एकही चूक न करता.

पुतणी म्हणाली, "काकू, तुला तेव्हाही बारा आठवडे रजा होती. पगारासकट. आणि रजेवर असताना काढताही आलं नसतं."

"कुणी सांगितलं नाही गं."

ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. आम्ही मेथी निवडली.

त्या रात्री मी यांना सांगितलं. त्यांनाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "मीच विचारायला हवं होतं." त्यावर काय बोलणार!

असो. तुमच्या मुलांनी हा विषय घेतला असेल तर एक सूचना. जुन्या नोट्सवर विसंबू देऊ नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक कलह कायदा, ट्रेड युनियन कायदा हे औद्योगिक संबंध संहितेत गेले. मातृत्व लाभाच्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या, २६ आठवडे तसेच आहेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मात्र स्वतंत्रच आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे तक्रार समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी आणि निम्म्या तरी सभासद स्त्रिया हव्यात. मुलगी नोकरीला लागली की पहिल्या आठवड्यात त्या समितीतली नावं विचारून घ्यायला सांगा. कटकटी वाटेल, वाटू दे.

आणि मुलांनी विषय घेतला नसला, तरी नेमणुकीचं पत्र घरी आलं की पेढे वाटण्याआधी एकदा नीट वाचा. "वर्षाला चार लाख" म्हणजे महिन्याला तेहतीस हजार हातात, असं नसतं. त्या चार लाखांत कंपनी भरते तो प्रॉव्हिडंट फंड धरलेला असतो, पुष्कळदा ग्रॅच्युइटीही धरतात, आणि मिळेल-न मिळेल असा बोनसही. मुलाच्या वाट्याचा फंड पुन्हा पगारातून कापला जातो. म्हणून हातात किती येणार, हा आकडा सरळ विचारावा. विचारण्यात काही कमीपणा नाही. नोटिशीचा काळ एक महिना की तीन, हेही बघा. दुसरी चांगली नोकरी चालून आली की तिथेच अडतं. आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतो असं कुणी म्हणालं, तर झेरॉक्स द्या, मूळ कागद देऊ नका.

आमच्या पुतणीने पत्र आल्यावर या सगळ्या ओळींखाली पेन्सिलने रेघा मारल्या आणि भावजींसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे तीन महिन्यांच्या नोटिशीचं काय?" मग बापलेक दोघं अर्धा तास त्यावर बोलत बसले. विषय कशाला घेतलास, हे तेव्हापासून कुणी विचारलेलं नाही.

परवा तिचा फोन आला होता. तिच्या टीममधल्या एकीला सहावा महिना आहे आणि ती राजीनामा लिहीत होती. घरून येणं जमणार नाही म्हणे. पुतणीने तिला मनुष्यबळ विभागात नेऊन रजेचा अर्ज भरायला लावला. श्रावणात बाळ होईल, माघात ती परत कामावर यायची आहे. अर्ज कुठल्या नमुन्यात लिहायचा ते विचारायला पुतणीने मला फोन केला होता. टायपिंगची माझी सवय तिला ठाऊक आहे.