भारुड ऐकत वाढलेला केजचा मुलगा एनएसडीचा संचालक कसा झाला?

बीड : दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे, म्हणजे एनएसडीचे 2013 ते 2018 या काळातले संचालक वामन केंद्रे मूळचे केज तालुक्यातल्या दरडवाडीचे. वडील भारुड करायचे. नाटकाशी पहिली ओळख तिथलीच.

भारुडाला पडदा लागत नाही की नेपथ्य. वेश बदलला की तोच माणूस कधी जोशी, कधी वासुदेव. लोक पोट धरून हसतात आणि हसता हसता बोच लागते.

एनएसडीत शिकल्यावर केंद्रे यांनी केरळच्या लोकनाट्याचा अभ्यास केला. मग 1987मध्ये आलं ‘झुलवा’. उत्तम बंडू तुपे यांची कादंबरी, चेतन दातार यांचं नाट्यरूपांतर. देवीला सोडलेल्या जोगतिणींचं जगणं मांडताना केंद्रे यांनी लोककलेला तोंडी लावण्यापुरतं ठेवलं नाही. 2012चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि 2019ची पद्मश्री पुढची.

पण शेजारच्या कर्नाटकात वेगळं घडलं. के. व्ही. सुब्बण्णा यांनी 1949मध्ये हेग्गोडू या आपल्या छोट्या गावातच ‘नीनासम’ सुरू केलं. 1980मध्ये तिथे नाट्यशाळा आली, 1985पासून ‘तिरुगाट’ हा फिरता संच गावोगाव प्रयोग करू लागला.

केंद्रे यांना मात्र दिल्ली गाठावी लागली. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठाची नाट्यशाळा उभी केली, तीही मुंबईतच. केजच्या मुलाला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकायचं तर आजही गाव सोडावं लागतं.