तात्पुरते जाहिरात फलक : परवानगी, मजकूर आणि दक्षता

पंचकर्म शिबिर, पुष्यनक्षत्रावरील सुवर्णप्राशन, चिकित्सालयाचे स्थलांतर अथवा नव्या औषधालयाचे उद्घाटन अशा प्रसंगी आपले अनेक व्यवसायबंधू चौकात फलक लावतात. तो चार-आठ दिवसांचाच असल्याने त्यास नियम लागू नाहीत, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः अल्पमुदतीच्या फलकालाही परवानगी लागते. इतकेच नव्हे, तर चिकित्सालयाच्या दारावर जो मजकूर चालतो, तोच चौकात आक्षेपार्ह ठरू शकतो. म्हणून या विषयाचा थोडक्यात परामर्श घेणे आवश्यक वाटते.

परवानगी कोणाची?

महानगरपालिका क्षेत्रात परवानगीचा अधिकार आयुक्तांकडे असतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २४४ व २४५ आणि २०२२ चे आकाशचिन्हे व जाहिरातविषयक नियम हा त्याचा आधार होय. नगरपरिषद वा नगरपंचायत असलेल्या गावी मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. अर्जासोबत फलकाचा मजकूर, आकार, जागा व कालावधी नमूद करावा; जागा खासगी असल्यास मालकाची लेखी संमती जोडावी. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर स्थानिक संस्थांचा जाहिरात कर संपुष्टात आला. तथापि परवाना शुल्क व जागेचे भाडे यांतून त्यामुळे सुटका झाली, असे समजू नये.

विनापरवाना फलक लावल्यास महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ अन्वये तीन महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सातारा येथील सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी निकाल देऊन बेकायदा फलक हटविण्याचे व संबंधितांवर कारवाई करण्याचे आदेश दिले. 'फलक छापणाऱ्यानेच तो लावला' या सबबीवर कोणी विसंबू नये. फलकावर नाव व दूरध्वनी क्रमांक वैद्यांचा असतो आणि विचारणा त्यांच्याकडेच होते.

मजकुराची मर्यादा

आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या कलम ३ नुसार विशिष्ट रोगांसाठी एखादे औषध वापरावे असे सुचविणारी जाहिरात करता येत नाही. अधिनियमाच्या परिशिष्टात असे ५४ रोग व विकार असून त्यांत मधुमेह, कर्करोग, संधिवात, स्थौल्य, उच्च व नीच रक्तदाब, मूतखडा, पक्षाघात, श्वित्र यांचा समावेश आहे. यांतील कित्येक रुग्ण आपण नित्य पाहतो. म्हणूनच नकळत नियमभंग घडतो.

या नियमास कलम १४ मध्ये एक अपवाद आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाने स्वतःच्या जागेवर 'येथे अमुक रोगावर चिकित्सा केली जाते' असा फलक लावल्यास त्यास बाध येत नाही. या अपवादाच्या अटी दोन : व्यक्ती नोंदणीकृत असावी व फलक तिच्याच जागेवर असावा. चौकातील, बसस्थानकावरील वा कमानीवरील फलकास हे संरक्षण मिळत नाही. औषधविक्रेत्यांनी तर विशेष सावध राहावे, कारण दुकानदार या नात्याने त्यांना हा अपवाद उपलब्धच नाही. 'मधुमेहावर खात्रीशीर चूर्ण' असा फलक दुकानाच्या दारावरही आक्षेपार्ह आहे. औषधाच्या गुणांविषयी दिशाभूल करणारी जाहिरात कलम ४ अन्वये निषिद्ध आहे, मग रोग परिशिष्टातील असो वा नसो.

सबब सार्वजनिक फलकावर वैद्यांचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, पत्ता, वेळ व शिबिराची तारीख एवढाच मजकूर ठेवणे श्रेयस्कर.

साहित्य व सुरक्षितता

१ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीच्या प्लास्टिक वा पीव्हीसी फलकांवर देशभर बंदी आहे. छपाईपूर्वी जाडीची खात्री करावी. कापडी फलक अधिक उत्तम. झाडांना खिळे ठोकू नयेत. विजेचे खांब, वाहतूक सिग्नल व वळणे टाळावीत. पुण्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये जुना बाजार चौकात फलकाचा सांगाडा कोसळून चौघांचा, तर मुंबईत घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी महाकाय फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. आपला फलक लहान असला, तरी वादळवाऱ्यात सैल सुटलेली चौकट दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते.

व्यवसायबंधूंसाठी सूचना

१. कार्यक्रमापूर्वी पुरेसे दिवस आधी अर्ज करावा.
२. परवानगीचा क्रमांक व मुदत फलकावर छापावी.
३. आदेशाची व शुल्काच्या पावतीची प्रत चिकित्सालयात ठेवावी.
४. छपाईपूर्वी मजकूर स्वतः वाचून संमत करावा.
५. मुदत संपताच फलक उतरविण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी.

आरोग्यरक्षण हे ज्यांचे ब्रीद, त्यांच्या फलकाने कोणाची वाट अडू नये आणि कोणाची दिशाभूलही होऊ नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावी, ही विनंती.