उघड्यावरचं थिएटर

अंधार पडल्याशिवाय जिथं खेळच सुरू होत नसे, असं एक थिएटर मुंबईत वांद्रे पूर्वेला होतं. १९७७ साली सुरू झालेलं ‘ड्राइव्ह-इन’! फियाटच्या मागच्या सीटवर तीन पोरं, आजीच्या मांडीवर पुरी-भाजीचा डबा. तान्हं रडलं तरी शेजारचा प्रेक्षक वळून पाहत नसे. आई त्याला गाडीतच थोपटी. बाळंतपणानंतर तुटलेला सिनेमा कितीतरी जणींना इथंच परत मिळाला. (अर्थात, ज्यांच्या दारी गाडी होती त्यांनाच.)

पुढे भोवती वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि पडदा मिटला. २०२१ मध्ये त्याच परिसरात पुन्हा ड्राइव्ह-इन आलं, मॉलच्या गच्चीवर. सोय २९० गाड्यांची. आजीच्या डब्याचं मात्र दारावर विचारून घ्यावं!