टेपची खरी परीक्षा निघताना

नीरा-बारामती रस्त्यावर सोमेश्वरनगर आणि कोऱ्हाळे यांच्यामध्ये वडगाव निंबाळकर लागतं. अशा गावात वर्षभर कुठे ना कुठे स्टेज उभं राहतंच. चैत्र-वैशाखात यात्रेचा तमाशा नाहीतर ऑर्केस्ट्रा, भाद्रपदात गणपती, हिवाळ्यात शाळेचं स्नेहसंमेलन, आणि मधल्या काळात लग्नं, साखरपुडे, हरिनाम सप्ताह. प्रत्येक स्टेजवर माइकच्या, मॉनिटरच्या, लाइटच्या केबल पसरलेल्या असतात. त्यावरून नऊवारी नेसलेली कलावंत नाचते, दुसरीतली पोरं कोळीनृत्य करतात, कीर्तनकार बुवा मागे-पुढे होतात. एका पायात केबल अडकली की माइकचा स्टँड खाली येतो, आणि माणूसही. हे टाळायला साऊंडवाल्याकडे असते ती टेप. मिक्सर आणि अॅम्प्लिफायर घेताना तो चार ठिकाणी चौकशी करतो. टेप मात्र कार्यक्रमाच्या दिवशी वाटेतल्या हार्डवेअरच्या दुकानातून, मिळेल ती. माझ्या मते चुकीची काटकसर होते ती इथेच.

दुकानात बहुधा तीन टेप हाताशी असतात. पार्सलला लावतात ती खाकी, वायरमनची काळी इन्सुलेशन टेप, आणि चंदेरी डक्ट टेप. खाकी टेप म्हणजे प्लॅस्टिकची पातळ फिल्म. एकदा चिरली की लांब फाटत जाते आणि काढताना तुकडे उरतात. इन्सुलेशन टेप ताणून गुंडाळण्यासाठी बनवलेली असते, म्हणून जमिनीवर सपाट लावली की ताण सोडून आखडते आणि कडा उचलतात. डक्ट टेपचा जन्म युद्धातला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या व्हेस्टा स्टाउट यांची मुलं नौदलात होती. काडतुसांच्या खोक्यांना लावलेली कागदी पट्टी ऐन वेळी फाटते, त्याऐवजी पाणी न शिरणारी कापडी टेप हवी, असं पत्र त्यांनी 1943 साली थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलं. पुढे जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने तशी टेप सैन्याला पुरवली. ती चिकटून राहण्यासाठी होती. निघावी कशी, हा प्रश्न तिथे नव्हताच.

तो प्रश्न सिनेमावाल्यांना पडला. शूटिंगसाठी भाड्याने घेतलेल्या घराच्या भिंतीवर दिवा टांगायचा आणि संध्याकाळी रंग न निघता उतरवायचा, तर वेगळी टेप हवी. छायालेखक रॉस लोवेल यांनी 1959 मध्ये त्याच जॉन्सन अँड जॉन्सनच्या पर्मासेल विभागाचा गोंद चंदेरी कापडावर लावून गॅफर टेप तयार केली. स्टेजसाठी हवी ती हीच जात, फक्त काळी आणि चमक नसलेली, म्हणजे दिव्याखाली आणि कॅमेऱ्यात ती दिसत नाही. रात्रभर घट्ट धरायचं आणि सकाळी मागे काही न ठेवता सुटायचं, या दोन उलट मागण्या एकाच पट्टीकडून पुऱ्या करून घेण्यात तिचं सगळं विज्ञान आहे.

टेपचा गोंद फेव्हिकॉलसारखा वाळत नाही. तो कायम अर्धवट द्रव, अर्धवट घन असतो. आपल्याकडच्या गुऱ्हाळावर हे समजून घेता येतं: काकवी प्रत्येक खाचेत शिरते पण वजन पेलत नाही, गुळाची ढेप वजन पेलते पण कशाला चिकटत नाही, आणि टेपच्या गोंदाला या दोहोंच्या मधे थांबून राहावं लागतं. पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत तो वाहत जाऊन भिडला, तरच रेणूरेणूंमधली ओढ कामाला येते. ही व्हॅन डर वाल्स ओढ अगदी थोड्या अंतरावर चालते, म्हणून मधे धुळीचा थर असला की संपली. थ्रीएम कंपनीतले शास्त्रज्ञ कार्ल डाल्क्विस्ट यांनी याला आकडा दिला: एका सेकंदाच्या दाबात गोंदाचा ताठरपणा साधारण 3 लाख पास्कलच्या खाली असेल, तरच तो नुसत्या बोटाच्या दाबाने चिकटतो. त्याहून ताठ झाला की चिकटणं थांबतं, आणि फारच मऊ असला की चिकटतो खरा, पण ताणाखाली हळूहळू सरकत जातो.

हे सरकणं आपल्या भागात महत्त्वाचं आहे. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला पट्टा. यात्रांच्या दिवसांत दुपारी हवाच चाळीस अंशांच्या आसपास असते, आणि उन्हातली काळी टेप हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. युरोपातल्या थंड नाट्यगृहात उत्तम ठरलेली टेप इथल्या मांडवात तशीच वागेल, असं धरून चालू नये. चांगल्या गॅफर टेपच्या गोंदात रबर, त्याला चिकटपणा देणारी राळ आणि रबर सडू नये म्हणून घातलेली रसायनं असतात. स्वस्त टेपमध्ये बहुधा उष्णतेने वितळवून लावलेला गोंद असतो. त्यातल्या रबराच्या साखळ्या स्टायरीनच्या कडक गाठींनी एकमेकींना धरलेल्या असतात; ऊन वाढलं की त्या गाठी सैल पडतात आणि गोंद सरकू लागतो. सकाळी दुकानात बोटाला घट्ट चिकटणारी हीच टेप दुपारी केबलवरून घसरते आणि काढताना काळा चिकटा मागे ठेवते. बोटाला जास्त चिकटते म्हणजे टेप चांगली, ही समजूत म्हणूनच फसवी आहे. लगेच चिकटणं वेगळं, ताण धरणं वेगळं आणि स्वच्छ निघणं वेगळं. एक वाढवायला गेलं तर बहुतेक वेळा दुसऱ्यात तडजोड करावी लागते.

ताण धरण्याची परीक्षा घरी करता येते. प्रयोगशाळांत पोलादी पट्टीवर टेपचा छोटा तुकडा लावून त्याला 1 किलो वजन टांगतात आणि किती वेळात निसटतो ते मोजतात. आपण स्टीलचं ताट पुसून घ्यावं, टेपचा 25 मिलिमीटर लांब-रुंद भाग त्यावर दाबून लावावा, उरलेल्या टोकाला लिटरभर पाण्याची बाटली लोंबकळवावी, आणि ताट उभं करून दुपारच्या उन्हात ठेवावं. दोन-तीन टेप शेजारी-शेजारी लावल्या की फरक घड्याळ न बघताही दिसतो. दुसरी परीक्षा म्हणजे टेप गोंदाकडून गोंदावर चिकटवून झटक्याने सोडवणं. गोंद एका बाजूचं कापड सोडून दुसरीकडे गेला, तर तो उद्या केबलवरही जाईल.

कापड बघायला यंत्र लागत नाही. टेपचा तुकडा उजेडासमोर धरला की विणीतली छिद्रं दिसतात. डक्ट टेपमध्ये प्लॅस्टिकच्या थराखाली विरळ जाळी असते, गॅफरमध्ये दाट विणलेलं सुती किंवा मिश्र कापड. जाडी साधारण पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर. दाट विणीमुळे टेप हाताने आडवी फाडता येते आणि फाट धाग्याच्या रेषेत सरळ जाते. दोरे लोंबत नाहीत, कात्री लागत नाही. स्टेजवर अंधारात, एका हातात केबल धरून, दुसऱ्या हाताने आणि दातांनी टेप तोडणाऱ्या पोराला विचारा, सरळ फाटणं म्हणजे काय चीज आहे ते. दाट कापडाचा आणखी एक उपयोग असा की, काढताना ओढ सगळ्या रुंदीत सारखी पसरते, म्हणून पट्टी एकसंध निघते.

किंमत मात्र रोलवर बघू नये. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर चौकशी करताना लांबी आधी विचारावी, कारण एकाच रुंदीचे रोल वेगवेगळ्या लांबीचे मिळतात आणि बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात, विशेषतः आतली पुठ्ठ्याची नळी मोठी असेल तर. समजा एक रोल 400 रुपयांना 20 मीटरचा आणि दुसरा 900 रुपयांना 50 मीटरचा आहे. पहिला मीटरला 20 रुपये पडतो, दुसरा 18. वर हलक्या टेपचा चिकटा केबलवरून काढायला दोन पोरांची अर्धी सकाळ जाते. कुणी पेट्रोल किंवा थिनरने पुसतं, त्याने केबलचं पीव्हीसी कडक होऊन पुढे तडकतं. निलगिरीचं तेल कपड्यावर घेऊन पुसणं त्यापेक्षा बरं, पण वेळ जातोच. तो वेळ किमतीत धरला की स्वस्त रोल स्वस्त राहत नाही.

पैसे वाचवायचेच तर टेप कमी लावून वाचवावेत. जिथे पाय पडतात तिथेच केबल पूर्ण लांबीभर झाकावी. बाकीच्या ठिकाणी मीटर-दीड मीटरवर एक आडवी पट्टी पुरते. फळ्यांवरची किंवा मंगल कार्यालयाच्या फरशीवरची धूळ आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी. गाळपाच्या हंगामात रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या सतत जात असतात, तेव्हा ही धूळ तासाभरात परत बसते. केबल मात्र एकमेकींवर न चढवता शेजारी-शेजारी झोपवाव्यात. आणि टेप वाचवायची म्हणून लाइटची वायर आणि माइकची केबल एकाच पट्टीखाली कधीही लांबवर नेऊ नये. घरगुती विजेची दिशा सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होते, तिचं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या केबलमध्ये तीच गुणगुण उतरवतं आणि स्पीकरमधून हम्म असा आवाज येत राहतो. दोन्हींत हातभर अंतर ठेवावं, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

काळ्या मातीवर कोणतीच टेप चालत नाही, कितीही महाग असली तरी. यात्रेच्या पटांगणात तिचा रोल संपवण्यात अर्थ नाही. बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं रिंगण होतं, तसल्या मोकळ्या मैदानावर, तेही पावसाच्या दिवसांत, केबल माणसांच्या वाटेवरून न्यायचीच नाही. बांबू रोवून डोक्यावरून न्यावी, किंवा वाट सोडून कडेने फिरवावी. माइकची केबल उथळ चरात गोणपाटाखाली चालून जाईल, विजेची अजिबात नाही.

आणि विजेचा जोड गॅफर टेपने बांधायचा नाही. हे मी कळकळीने सांगतो, कारण गावोगाव उघडे जोड हाताला लागेल त्या टेपने गुंडाळलेले दिसतात. सुती कापड पाणी पितं. गणपतीच्या सरीत भिजलेली ती पट्टी 230 व्होल्ट आणि लोखंडी पाइपाचं स्टेज यांच्यामधला अडसर राहत नाही. तिथे बंद कनेक्टर हवा, किमान पीव्हीसीची इन्सुलेशन टेप, आणि जनरेटरच्या किंवा मीटरच्या पुढे गळती 30 मिलिअँपिअर झाली की वीज तोडणारा आरसीसीबी.

टेप काढायची कधी, यालाही शास्त्र आहे. गोंदाच्या लेखी गारवा आणि वेग यांचा परिणाम सारखाच. थंड असताना किंवा भराभर ओढल्यावर त्याच्या साखळ्यांना वाहायला वेळ मिळत नाही, तो घन पदार्थासारखा वागतो आणि पृष्ठभागापासून सुटतो. तापलेला असताना सावकाश ओढला तर तो आतल्या आत फाटतो, निम्मा टेपवर आणि निम्मा केबलवर. म्हणून यात्रेचा कार्यक्रम मध्यरात्री संपला की तेव्हाच किंवा पहाटे टेप काढावी. सकाळी झोपून उठून उन्हात काढलेली तीच टेप चिकटा सोडते. केबलवरून काढताना ओढ एकसारखी आणि जोमदार असावी. भिंतीचा रंग किंवा जुनी सतरंजी असेल तर उलट, पट्टी स्वतःवर परत मुडपून हळू सोडवावी, कारण तिथे गोंदापेक्षा रंगच कच्चा असतो.

काढलेल्या केबलची गुंडाळी टेपने बांधून गोडाऊनला ठेवण्याची सवयही सोडायला हवी. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते आठवड्यांमागून आठवडे गोंदात झिरपतं, गोंद पातळ होतो आणि केबल त्या जागी ताठ पडते. गुंडाळीला सुती दोरी किंवा वेल्क्रोचा पट्टा पुरेसा आहे. उरलेले रोल उभे न रचता आडवे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या शेडपासून आणि टेम्पोच्या केबिनपासून लांब, घरातल्या सावलीच्या खोलीत ठेवावेत. रबराचा गोंद उष्णता आणि प्राणवायूने न वापरताही म्हातारा होतो, म्हणून वर्षभराची टेप एकदम घेण्यापेक्षा एका हंगामापुरती घ्यावी, आणि घेताना रोलच्या कडेला बोट लावून बघावं: कडेला गोंद पाझरलेला असला, तर तो रोल दुकानातच उन्हात पडून होता.