तिसऱ्या वर्षाचा रिकामा वर्ग

ज्या महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर शिकवत असे, तिथे यंदा तिसऱ्या वर्षाला पत्रकारितेचा वर्ग उघडलाच नाही. पत्रकारिता की जाहिरात या निवडीत सगळी मुलं जाहिरातीकडे गेली. ऑफिसात विचारलं, तर किमान विद्यार्थिसंख्येचा नियम दाखवला. असेल नियम, पण त्याचा बडगा दरवेळी याच विषयावर का, याला उत्तर नाही.

आमचा अभ्यासक्रम म्हणजे मुंबई विद्यापीठाचं बीएमएम, बॅचलर ऑफ मास मीडिया. ते २००० साली सुरू झालं. पहिली वर्षं बातमीचे षट्ककार, उलटा मनोरा आणि झेरॉक्समध्ये गेली. सांगण्यासारखं काही नाही. रंग चढला २००५ला. त्या एका वर्षात मुंबईत ‘मुंबई मिरर’ आणि ‘डीएनए’ निघाले, ‘हिंदुस्तान टाइम्स’ची आवृत्ती आली. पोरं शिकता शिकताच कामाला लागू लागली. २६ जुलैला सांताक्रूझमध्ये ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरल्यावर मी मुलांना वॉर्ड ऑफिसात, पोलिस ठाण्यात पिटाळलं. आकडा कुणी दिला हे लिहिलं नाही, तर कॉपी परत! ऑक्टोबरात माहिती अधिकार आला, तेव्हा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून प्रत्येकानं एक अर्ज करायचा, हा माझा खासगी पेपर झाला. उत्तराला तीस दिवसांची मुदत; तोवर अंतर्गत गुण भरून झालेले असत.

मग २००७-०८मध्ये मराठी वृत्तवाहिन्या एकापाठोपाठ आल्या, आणि आमची मुलं रात्रपाळीला दिसू लागली. ‘पत्रकार वर्गात घडत नाही’ हे आम्हाला आमच्याच व्यासपीठावरून, शाल-श्रीफळ घेऊन ऐकवणारे संपादकही याच काळातले. २००९च्या विधानसभा निवडणुकीत स्पर्धक दैनिकांत शब्दशः सारखा मजकूर बातमी म्हणून छापून आल्याचं, म्हणजे ‘पेड न्यूज’चं प्रकरण, पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त उघड केलं. वर्गात ती कात्रणं फिरली, तेव्हा एका मुलीनं विचारलं, “सर, मग ह्यात बातमी कुठली?” प्रेस कौन्सिलनं पेड न्यूजवरचा आपल्याच उपसमितीचा अहवाल २०१०मध्ये गुंडाळून ठेवला, तो जाहीर करायला लावला माहिती अधिकारानं. शालवाल्यांपैकी कुणी त्यावर अग्रलेख लिहिल्याचं मला आठवत नाही.

२०१९मध्ये बीएमएमचं नाव बदलून बीएएमएमसी झालं, त्याच वर्षी छापील ‘डीएनए’ बंद पडला. मुलांना तरी काय बोलणार? शिकाऊ वार्ताहराच्या पगारात मुंबईत खोलीसुद्धा मिळत नाही. पेड न्यूजसाठी मात्र आता वेगळा तास घ्यावा लागत नाही. शेजारच्या वर्गात ती ‘ब्रँडेड कंटेंट’ म्हणून शिकवतात, प्रोजेक्टला गुणही देतात.