गोव्यातील फिर्गज-शाळा आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांची संगीतसेवा : एक विवेचन

प्रस्तावना

शिक्षणसंस्थेचा विद्यार्थ्यांवरील प्रभाव सामान्यतः परीक्षांच्या निकालावरून मोजला जातो. परंतु काही संस्थांचे खरे कार्य विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतर दिसू लागते. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चला जोडून चालणारी फिर्गज-शाळा ही अशीच एक संस्था होय. प्रस्तुत लेखात या शाळेची शिक्षणपद्धती आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांनी इगर्ज, गाव व मुंबई येथे केलेली संगीतसेवा यांतील संबंध स्पष्ट केला आहे.

शाळेचे स्वरूप

सोळाव्या शतकात धर्मप्रसाराच्या हेतूने या शाळांचा पाया घातला गेला. धर्मशिक्षण, अक्षरओळख आणि संगीत ही तिच्या अभ्यासक्रमाची तीन प्रमुख अंगे होती. संगीताचे अध्यापन चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख, म्हणजेच ‘मेस्त्र’, करीत असे. विद्यार्थी प्रथम सोल्फा, म्हणजे स्वरलिपी पाहून स्वर उच्चारण्याची पद्धत, शिकत आणि त्यानंतर त्यांच्या हाती व्हायोलिन येई.

या व्यवस्थेची काळी बाजूही ध्यानात घेणे आवश्यक आहे. गोव्यात इ.स. १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. १७३६ च्या त्याच्या आज्ञापत्राने स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या अनेक पारंपरिक चालीरीतींवर बंदी घातली. म्हणजेच ज्या सत्तेच्या छायेत एक संगीत शिकविले गेले, त्याच सत्तेने दुसरे संगीत दडपले. असे असूनही गोमंतकीयांनी हे आयात संगीत आत्मसात करून स्वतःचे केले. एकोणिसाव्या शतकात बहरलेला कोकणी मांडो हा त्याचा ठळक पुरावा आहे.

प्रभावाची कारणे

या शाळेतील शिक्षण टिकाऊ ठरण्यामागे तीन कारणे दिसतात. पहिले कारण म्हणजे शिकणे आणि उपयोगात आणणे यांत अंतर नव्हते. शाळेत गिरविलेले गीत रविवारच्या मिसेत किंवा फेस्ताच्या दिवशी गावासमोर म्हणावे लागे. दुसरे कारण स्वरलिपीवाचनाचे होय. केवळ कानाने शिकणाऱ्यास गुरूचा सहवास अनिवार्य असतो, तर लिपी वाचणाऱ्यास अपरिचित रचनाही वाजविता येते. तिसरे कारण समूहशिस्तीचे. गायनात दोन आवाज बहुधा तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने जात असल्यामुळे, आपला स्वर न सोडता दुसऱ्याचा ऐकण्याची सवय बालवयातच लागे.

गावातील सेवा

शाळा सोडलेला विद्यार्थी पुढे शेतकरी, कारकून किंवा खलाशी झाला, तरी त्याचे संगीत थांबत नसे. कोणी गायकवृंदात उभा राही, कोणी स्वतः मेस्त्र होई. उपासकाळात गायिल्या जाणाऱ्या लॅटिन मोटेटांची रचना अनेक मेस्त्रांनी केली. क्रुसापुढे आणि कपेलांत होणाऱ्या लदिनीसाठी गावातच व्हायोलिनवादक उपलब्ध असे. व्यवसाय आणि सेवा यांची अशी सांगड या शाळेने घातली.

मुंबईतील विस्तार

उपजीविकेसाठी मुंबईस आलेले गोमंतकीय आपापल्या गावाच्या कुडांत राहत. तेथेही वेदी असे आणि सायंप्रार्थना होई. याच समाजातून हिंदी चित्रपटसृष्टीस वादक व संयोजक मिळाले. संगीतकाराने गाऊन दाखविलेली चाल स्वरलिपीत उतरवून मोठ्या वाद्यवृंदातील प्रत्येक वादकास त्याचा भाग लिहून देणे, हे काम सेबास्तियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांसारख्या संयोजकांनी केले.

माजोर्डा येथे १९२७ मध्ये जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे या परंपरेचे बोलके उदाहरण होय. त्यांचे वडील चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख होते. मुंबईत व्हायोलिनवादक व संयोजक म्हणून नावारूपास आल्यावर त्यांनी १९५८ मध्ये सिंफनी वाद्यवृंद उभारून भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातील गीतात आलेले नाव ही शिष्याने गुरूस दिलेली मानवंदना आहे. गोन्साल्विस यांचे २०१२ मध्ये निधन झाले.

ऱ्हास आणि पर्याय

१९६१ मधील गोवामुक्तीनंतर सार्वत्रिक शालेय शिक्षणाचा विस्तार झाला आणि फिर्गज-शाळेचे शैक्षणिक महत्त्व ओसरले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाव दिला. त्यामुळे सामान्य भाविक कोकणीतून गाऊ लागला, ही मोठीच प्राप्ती होय. मात्र लॅटिन रचनांसाठी लागणाऱ्या दीर्घ प्रशिक्षणाची निकड त्याबरोबर कमी झाली. दुसरीकडे आंतोनियो फोर्तुनातो दे फिगेरेदो यांनी १९५२ मध्ये पणजीत संगीत अकादमी स्थापन केली होती. पुढे कला अकादमीतही पाश्चात्त्य संगीताच्या शिक्षणाची सोय झाली. या संस्था वाद्यकौशल्य उत्तम रीतीने देऊ शकतात. परंतु शिकलेले दर आठवड्यास समाजाच्या हाती देण्याचे बंधन केवळ अभ्यासक्रमातून निर्माण होत नाही.

निष्कर्ष

फिर्गज-शाळेने काही थोर कलावंत घडविले. पण गावोगावी सामान्य, जबाबदार वादक-गायक निर्माण केले हे तिचे अधिक व्यापक कार्य होय. त्या शाळेचे पुनरुज्जीवन शक्य नाही आणि तिच्यामागील सक्तीच्या इतिहासामुळे ते इष्टही नाही. तथापि शिकविलेल्या विद्येस नियमित, प्रत्यक्ष आणि सामूहिक उपयोगाची जागा मिळाली, तरच ती विद्यार्थ्याबरोबर आयुष्यभर राहते, हे तिच्या अनुभवावरून स्पष्ट होते. महाविद्यालयीन कलामंडळे केवळ वार्षिक स्नेहसंमेलनापुरती चालविणाऱ्यांनी या निष्कर्षाचा विचार करणे अगत्याचे आहे.